पाणी आलंय

चाळीस वर्षं यंत्रमागाशेजारी उभा राहिलो, राजमणी,
कान तिथंच राहिले.
तुझा आवाज मला आठवतो तो लग्नाच्या वर्षीचा.
पुढं मी तुझे ओठ वाचत आलो.

तू तेलुगूत मोजायचीस आणि मराठीत रागवायचीस.
दोन्ही मला लांबून कळायचं.
मोजताना ओठ जेमतेम हलत,
रागावताना खालचा ओठ आधी पुढं यायचा,
शब्द मागून.
मी मान फिरवली की भांडण संपलं,
एवढी एकच लबाडी मला जमायची,
आणि ती तुला पहिल्यापासून ठाऊक होती.
तू समोर येऊन हनुवटी धरायचीस
तंबाखूचा वास मुरलेल्या बोटांनी,
आणि राहिलेलं वाक्य पूर्ण करायचीस.

आता भिंतीवर फोटो आहे,
आधार कार्डावरून मोठा केलेला.
त्यात तोंड मिटलेलं.
फोटोवाला म्हणाला असेल, हलू नका बाई.
मी रोज समोर उभा राहतो.
वाचायला काही नाही.

सुपात अर्धा कट्टा राहिला होता.
सतरा विड्या. पंचवीस लागतात.
पानं ओल्या फडक्यात सुकत चाललेली,
कात्री, पत्र्याचा फर्मा, दोऱ्याची गुंडी,
सगळं तू चहा ठेवायला उठल्यासारखं.
अंबादासनं फंडाचा फॉर्म पुढं केला.
'मयताशी नाते' या रकान्यात
मी पती लिहिलं,
आणि त्या दोन अक्षरांवर
शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो.
वाळल्यावरही.

श्रीलताच्या हाताला तू सूप लागू दिलं नाहीस.
एकदा तिनं गंमत म्हणून पान उचललं
तर कात्रीच्या मुठीनं बोटांवर मारलंस,
आणि रात्री तीच बोटं खोबरेल लावून चोळलीस.
आज ती सिव्हिलात लोकांच्या हाडांचे फोटो काढते.
नवव्या रात्री मला जाग आली
तर पोरगी उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप.
तुझ्याकडं पाठ करून अभ्यास करायची ही,
मग नेमकी बघत कधी होती?
वळली, दुमडली, नखानं तोंड बंद केलं,
आणि बंद करताना मान डावीकडं कलली
तुझी कलायची तशी.
आठ झाल्या.
त्यातल्या चार तरी छाटात गेल्या असत्या.
तिनं दोरा बांधला, मी झोपेचं सोंग घेतलं.
तू असतीस तर आधी मारलं असतंस.
मग मोजून बघितलं असतंस.

काल अंबादासनं मोबाइल माझ्या कानाला लावला.
आईचा आवाज आहे, म्हणाला, एप्रिलमधला,
मी गच्चीवर झोपलेलो तेव्हा खालून पाठवलेला.
मी डोळे मिटले.
आत माग चालू होता.
जिथं तू बोलत असणार नेमकं तिथं
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
काय म्हणते, मी विचारलं.
तो माझ्यासमोर उकिडवा बसला,
चाळिशीला आलेला माझा मुलगा,
आणि खालचा ओठ पुढं काढून
एकेक शब्द दाखवत गेला:
अंबा, पाणी आलंय. नानांना उठव.
त्यांना ऐकू जात नाही.

आज पाचवा दिवस, पाण्याची पाळी.
विडी घरकुलात अजून अंधार होता.
मी घागरी मांडल्या, तोटी उघडी ठेवली
आणि तिच्यावर हात ठेवून बसलो.
आधी हवा येते. लोखंड थरथरतं,
ते तळव्याला कळतं, कान लागत नाहीत.
साडेतीनच्या सुमाराला थरथरलं.

मग मी घरभर सांगत सुटलो,
पाणी आलंय, पाणी आलंय.
किती मोठ्यांदा, ते मला कसं कळणार?
समोरच्या गुंडला मामी
हंडा घेऊन बाहेर आल्या.